गोल वाटेचा चकवा

किशोरीने शेवटची मुदत दिली होती. रविवारच्या ट्रेकमध्ये पाहुणे खूश झाले तर ठीक, नाहीतर सोमवारपासून नवऱ्याने ओरोसला तिच्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. दत्तप्रसादला नुसत्या आठवणीने घाम फुटे. तो मेहुणा गिऱ्हाइकांना "हे आमचे भावजी" अशी ओळख करून देई आणि लगेच हातात झाडू देई.

म्हणून दत्तप्रसादने जीव तोडून सहा किलोमीटरची गोल वाट आखली. देवळापासून निघायचे, वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जायचे, मागच्या जंगलातून उतरून पुन्हा देवळाशी जेवायला यायचे. पुण्याहून दीपिकाताई आणि त्यांच्या सात मैत्रिणी आल्या. जंगलात साप-विंचू निघाला तर असू देत, म्हणून त्याने सोबत सत्तरीच्या बाबलीकाकांना घेतले. घोटाळा तिथेच झाला.

"निघाच्या आधी देवाक गाराणा घालूया," काका म्हणाले. वाट सुखरूप पार पडावी म्हणून देवाला असे साकडे घालायची गावची रीतच होती.

"उशीर होता, काकानू. इल्यावर घालूया."

काका तोंड वाकडे करून सगळ्यांच्या मागून चालू लागले. वाट गोल आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. काका आजवर लाकडांसाठी, काजूंसाठी, गुरांमागे आणि लग्नांना चालले होते. निघाल्या जागी परत येण्यासाठी कोणी चालते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

सडा झकास झाला. जंगलही झकास झाले. शेवटी मंडळी जांभ्याच्या मोठ्या धोंड्याशी आली. इथून देवळाची पायवाट दहा मिनिटांची. दत्तप्रसाद पायवाटेकडे वळला, आणि मागून काकांची हाक आली.

"दत्ता, थांब! सकाळी आपण ह्याच धोंड्याकडसून गेलेलो. चकवो लागलो!"

"चकवा म्हणजे?" दीपिकाताईंनी विचारले.

"माणूस चलता चलता आणि फिरान थयच येता."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वर्णन अगदी तंतोतंत लागू पडत होते.

"काकानू, वाटच गोल आसा! मीच आखलंय!"

"चकवो लागलेलो माणूस असांच म्हणता," काका बायकांना हळू आवाजात म्हणाले. दत्तप्रसादने घाईघाईने फोनवरचा नकाशा दाखवला. काकांनी त्यावरची गोल रेघ नीट पाहिली. "बघलास? फोनाकव लागलो."

दत्तप्रसाद जितका पटवू लागला तितक्या बायका त्याच्यापासून दूर सरकू लागल्या. उपाय काकांना ठाऊक होता. कपडे उलटे घालायचे आणि आल्या वाटेने मागे फिरायचे. आठही जणींनी जाकिटे उलटी केली आणि काकांच्या मागून जंगलात शिरल्या. पाहुण्यांना रानात सोडून जेवायला कसे जाणार? दत्तप्रसाद रडकुंडीला येऊन मागून निघाला.

जंगल उलटे झाले, सडा उलटा झाला. दोन-अडीच तासांनी, भर उन्हात, मंडळी पुन्हा त्याच धोंड्याशी हजर झाली. गोल वाटेवरून दुसरे होणार तरी काय?

"बाबा रे! हो मोठो चकवो," काका म्हणाले.

त्या क्षणी दत्तप्रसादने आशा सोडली. त्याने सदरा काढून उलटा घातला. काकांनी धोंड्यासमोर हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले, "बा देवा म्हाराजा, ह्या दत्ताक अक्कल कमी आसा, तेचा काय चुकला माकला असात ता पदरात घे आणि आमका घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आठ पुणेकर बायका जोरात ओरडल्या. दत्तप्रसादनेही खाली मान घालून साथ दिली. मग काका देवळाच्या पायवाटेला लागले आणि दहा मिनिटांत सगळे सुखरूप पोचले.

देवळापाशी किशोरी थंड झालेला भात घेऊन बसली होती. दत्तप्रसाद एका कोपऱ्यात जाऊन बसला. आता ओरोस चुकत नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते.

"अहो, इतकं मनापासून हरवायला आजकाल मिळतं कुठे!" दीपिकाताई किशोरीचे हात धरून म्हणाल्या. "पुढच्या रविवारी माझा भाऊ पंधरा जणांना घेऊन येतोय. त्यापुढच्या रविवारी आमच्या शाळेतल्या शिक्षिका."

दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणी आले. वाचलो रे देवा, असे तो खरोखर मोठ्याने म्हणाला.

"फक्त काकाच हवेत हं," दीपिकाताई पुढे म्हणाल्या. "हे सारखे वाट माहीत आहे म्हणतात. सगळी मजा जाते."

पाहुणे गेल्यावर किशोरी हसतमुखाने नवऱ्याजवळ येऊन बसली.

"बरा झाला. हयचा आता काकाच बघतीत, तुमी मोकळे झालास. मी दादाक फोन केलंय. उद्या नऊक दुकानात येवक सांगल्यान."