भारदस्त सायलेन्सर

ध्वनितक्रार विभागातल्या तपासनीसांच्या गाडीचा सायलेन्सर सोमवारी सकाळी ऐन कचेरीच्या फाटकात गळून पडला. वीस वर्षं लोकांचे भोंगे, जनरेटर आणि लाउडस्पीकर मोजत फिरणाऱ्या या गृहस्थांना कचेरीत सगळे कानसाहेब म्हणत. फाटकापासून पार्किंगपर्यंत त्यांची गाडी अशी काही गर्जत गेली, की तिसऱ्या मजल्यावरचे मोठे साहेब खिडकीत आले. कानसाहेब सीटखाली वाकून काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत बसले.

हिरव्या रंगाची ती गाडी जुनी होती. तिचे सुटे भाग बनवणं कंपनीने केव्हाच थांबवलं होतं.

"बाहेरच्या कंपनीचा बसवू," गॅरेजवाला म्हणाला. "एकदम फिट बसतो."

"आवाज किती होईल?"

"भारदस्त."

"भारदस्त म्हणजे किती?"

गॅरेजवाल्याने जरा विचार केला. "म्हणजे बघा, कानाला लागत नाही. छातीला लागतो."

"छातीला मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही," असं म्हणून कानसाहेबांनी पिशवीतून आपला मीटर काढला.

गॅरेजवाल्याने सायलेन्सर बसवून गाडी चालू केली. शेजारी एका बॉनेटवर ग्राइंडर फिरत होता आणि त्याच्या पलीकडे एक दरवाजा हातोड्याने सरळ करणं चाललं होतं. मीटरने ब्याण्णव डेसिबल दाखवले. गाडी बंद केली. तरी ब्याण्णव.

"म्हणजे फरक शून्य!" कानसाहेब ओरडून म्हणाले. साध्या आवाजात तिथे काही ऐकूच जात नव्हतं.

"मी तेच तर म्हणत होतो!" जे आजवर कधीच म्हटलं नव्हतं ते गॅरेजवाला म्हणाला.

आजूबाजूला गोंगाट असताना मोजमाप करू नये, अशी सूचना कानसाहेबांनीच टाइप करून कचेरीच्या फलकावर लावली होती. ती त्यांना त्या वेळी आठवली नाही, असं नाही. आठवली. पण तेवढ्यात गॅरेजवाल्याने ॲक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवला, आणि तो आवाज खरोखरच छातीला लागला. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज बंद करत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचा म्हणावा असा एक आवाज मिळाला होता. सूचना मागे पडली.

घरी पोचले तर बायको ओल्या हातांनी बाल्कनीत उभी.

"अहो, कचऱ्याचा ट्रक दारात का उभा राहिला म्हणून बघायला आले, तर तुम्ही!"

"काहीतरीच काय! आत बसून बघ, काचा लावल्या की काही म्हणता काही ऐकू येत नाही."

"आत बसून कसं येईल? आवाज मागे निघतो ना!"

"हे तू मला सांगतेस?"

शेवटी असं ठरलं, की बायकोने गाडी चालवायची आणि कानसाहेबांनी रस्त्यावर उभं राहून ऐकायचं. बायको मागच्या सीटवर काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवल्यासारखी गाडी चालवत असे. गाडी मांजरासारखी गुरगुरत त्यांच्यासमोरून गेली.

"बघ! ऐकलंस?"

"मी ऐकत नव्हते, चालवत होते. तुम्ही चालवता तशी चालवली की कळेल."

"मी कशी चालवतो?"

"उशीर झाल्यासारखी."

हा मुद्दा कानसाहेबांनी निकालात काढला. पण नऊ वाजून दहा मिनिटांनी ते रोज गाडी काढत, आणि नेमकी त्याच वेळी बायको घरून फोनवर भाषेची शिकवणी घेत असे. बुधवारी एका विद्यार्थिनीने तिला विचारलं, "बाई, तुमच्याकडे विमान उतरलं का?" बायकोने ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझा फोन बदलायला झालाय." शुक्रवारी तिने कपाटातल्या कपबश्या थरथरल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "कपाटाचा पाय हलतो. बघतो रविवारी."

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. निनावी तक्रार होती. सुबक टाइप केलेली, तारीख-वार देऊन. 'एक हिरवी जुनी गाडी, रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, असह्य आवाज.' खाली गल्लीचं नाव.

"तुमच्याच गल्लीतलं आहे," मोठे साहेब म्हणाले. "जाता जाता मोजून टाका. गाडीवाल्याला ओळखत असाल."

"तोंडओळख आहे," कानसाहेब कसेबसे म्हणाले.

वीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एक साधा मेमोही निघाला नव्हता. संशय सरळ खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांवर गेला. रोज गाडी चालू केली की ते खिडकीशी येऊन बघत असत. बघणं कसलं, रोखून बघणं. संध्याकाळी कानसाहेब त्यांच्याकडे जाऊन उभे राहिले.

"डॉक्टर, एवढी तक्रार होती तर वर येऊन सांगायचं. कागद कशाला?"

"कसला कागद?" डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला. "अहो, तुमची गाडी सुरू झाली की खुर्चीतला पेशंट दचकून हा एवढा जबडा उघडतो. तेवढ्यात मी इंजेक्शन देऊन मोकळा होतो. त्याला कळतही नाही. मी रोज खिडकीतून बघतो, तुम्ही निघालात की नाही ते. रविवारी फार अडचण होते हो."

कानसाहेब वर आले. तक्रार कुणाचीही असो, कागद निकाली काढायलाच हवा होता. रविवारी सकाळी त्यांनी फॉर्म, पेन आणि मीटर काढला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, जरा गाडी चालव. सरकारी काम आहे."

"मी नाही. तुम्ही चालवा, मी मोजते. आणि नेहमीसारखी चालवा."

"मीटर धरायचा तुला अनुभव नाही."

"वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर हेच तर ऐकतेय! हात लांब ठेवायचा, मध्ये बोलायचं नाही."

कानसाहेब गाडीत बसले. गुपचूप हळू चालवावी असा मोह त्यांना झाला, पण फॉर्मच्या तळाशी सही त्यांचीच होणार होती, आणि खोटी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांनी सोमवारी सकाळी दाबतात तसा पाय दाबला. समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. खालची खिडकी उघडली आणि डॉक्टर रविवार असूनही आशेने बाहेर बघू लागले.

"किती?" कानसाहेबांनी उतरून विचारलं.

बायकोने मीटर त्यांच्यापुढे धरला. शहाण्णव. त्यांनी तो उलटा करून पाहिला, सरळ करून पाहिला.

"आता मागे उभं राहून स्वतः ऐका," असं म्हणून ती गाडीत बसली आणि तिने हुबेहूब नवऱ्यासारखा पाय दाबला.

कानसाहेब दोन पावलं मागे सरले. छातीला लागणारा आवाज एवढ्या जवळून आधी कानालाच लागत होता. असा आवाज करणाऱ्या माणसाला आपण काय काय बोललो असतो, ते त्यांच्या मनात भराभर येऊन गेलं.

गाडी बंद झाली. बायको खाली उतरली. त्यांनी बॉनेटवर फॉर्म ठेवला. आकडा लिहिला. 'सात दिवसांत सायलेन्सर बदलावा' असा शेरा मारला. गाडीमालक म्हणून एक आणि तपासनीस म्हणून एक अशा दोन सह्या केल्या. पुढचा रकाना होता, 'तपासणीच्या वेळी तक्रारदार हजर: होय / नाही.' ते 'नाही'वर खूण करणार, तोच बायकोने पेन त्यांच्या हातातून घेतलं, 'होय'वर खूण केली आणि खाली आपली सही ठोकली.

कानसाहेबांनी चष्मा वर सरकवून ती सही पुन्हा वाचली.

"तू?"

"हो."

"अगं, मग घरी सांगायचं!"

"घरी तीनदा सांगितलं. तुमची उत्तरं काय, तर हे तू मला सांगतेस, फोन बदल, कपाटाचा पाय बघतो. अर्जाला मात्र तुम्ही पंधरा दिवसांत उत्तर देता. म्हटलं, अर्जच करावा."

ते म्हणणं कानसाहेबांनी नीट ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाहीत. मग चष्मा पुसून, प्रत्येक तक्रारदाराला शेवटी विचारायचा तो प्रश्न त्यांनी जरा हलक्या आवाजात विचारला.

"आणखी काही तक्रार?"

"आहे ना."

त्यांनी फाइलमधून दोन कोरे फॉर्म काढून तिच्या हातात दिले. तिने ते उलटून पाहिले आणि पुन्हा हात पुढे केला.

"दोनात नाही मावायचं."