मार्तंडरावांचा कडक उपवास

मार्तंडरावांनी जालन्यातली भूक मिटवायचं ठरवलं तो रविवार होता, आणि नुकत्याच त्यांच्या चार पुरणपोळ्या खाऊन झाल्या होत्या. दुसऱ्याच्या भुकेची खरी कळकळ वाटते ती अशाच वेळी! रिकाम्या पोटी माणूस स्वार्थी होतो, फक्त स्वतःचाच विचार करतो.

मार्तंडराव एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तेव्हापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि ऐकणारी एकटी बायको, नीलाताई. म्हणून ते अधूनमधून कॉलनीची बैठक बोलवायचे. त्या संध्याकाळीही गणपतीच्या देवळात चाळीस घरांतली माणसं जमली.

"दवाखान्याच्या गेटासमोर मालनबाई रोज दुपारी पंगत घालतात," मार्तंडराव म्हणाले. "पेशंटबरोबर आलेल्या लोकांसाठी. अंबडहून, आष्टीहून आलेली माणसं, रोज ऐंशी पानं! बाईंनी एकटीनं किती ओढायचं? आता ऐका. परवा मंगळवारी अंगारकी आहे. उपवास तर आपण सगळेच करतो. मग त्या दिवशीचं आपलं वाचलेलं जेवण जातं कुठे?"

कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारच केला नव्हता.

"या वेळी ते पंगतीला जाईल! चाळीस घरं, घरटी चार माणसं, माणशी दोन पोळ्या. तीनशेवीस पोळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणाऱ्या केदारनं तिथल्या तिथे फलकाचा मजकूर तयार केला : 'एक उपवास, भुकेल्यांसाठी! संकल्पना : मार्तंडराव.' संकल्पनेचं अक्षर भुकेल्यांपेक्षा मोठं ठेवायचं, हेही बैठकीत एकमतानं ठरलं.

"आणि उपवास म्हणजे उपवास!" मार्तंडरावांनी बोट उगारलं. "खिचडी, भगर, वेफर्स याला उपवास नाही म्हणत, चैन म्हणतात. मी तर चंद्रोदयापर्यंत नुसत्या पाण्यावर राहणार!"

बायकांनी माना डोलावल्या आणि साबुदाणा किती भिजवायचा याचा मनातल्या मनात हिशेब सुरू केला.

घरी आल्यावर नीलाताईंनी विचारलं, "म्हणजे मंगळवारी मी स्वयंपाक करायचा की नाही?"

"उपवासाला कसला स्वयंपाक? तुलाही जरा विश्रांती!"

नीलाताई काहीतरी बोलणार होत्या. पण तीस वर्षांच्या संसारात आयती मिळालेली ही पहिलीच सुट्टी. त्यांनी कणकेचा डबा फळीवर ठेवून दिला.

सोमवारी मार्तंडराव स्वतः मालनबाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. "बाई, उद्या चूल पेटवायची नाही. जेवण आमच्या कॉलनीचं."

मालनबाईंनी पदरानं हात पुसले. "साहेब, ऐंशी माणसं हैत. येळंवर आलं न्हाई तं मी काय तोंड दावू त्याह्यला?"

"माझा शब्द आहे!"

अधीक्षकाच्या शब्दाचा अनुभव मालनबाईंना नव्हता, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. दळण टाकलं नाही. मदतीला येणाऱ्या दोघी बायकांनाही सुट्टी दिली.

मंगळवारी दहा वाजता मार्तंडराव मालवाहू रिक्षा घेऊन निघाले. रिक्षात चार मोठे रिकामे डबे, पुढे फलक. पोटात फक्त पाणी होतं, पण छाती तट्ट फुगलेली.

पहिलं घर शाळेतल्या गंधाली मॅडमचं.

"या काका! खिचडी घेता?"

"छे छे! माझा कडक आहे. पोळ्या आणा."

"कुठल्या पोळ्या?"

"वाचलेल्या!"

गंधाली मॅडम बुचकळ्यात पडल्या. "अहो काका, उपवास आहे ना आमचा. मग पोळ्या करीन कशाला? कणीकच भिजवली नाही आज. तुम्हाला शब्द दिलाय म्हणजे दिलाय!"

मार्तंडरावांना वाटलं, बाई गणिताच्या नाहीत, त्यांना समजलं नसेल. ते पुढच्या घरी गेले. तिथल्या सूनबाई म्हणाल्या, "तवा सुद्धा खाली काढला नाही, काका!" त्याच्या पुढच्या घरात तर आजोबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पोळीचा तुकडा घरात सापडला तर नाव बदला!"

सगळ्या गल्लीत जिऱ्याच्या फोडणीचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास सुटला होता. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात; अंगारकी चौपटीवर गेली होती. चाळीस घरांनी दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता. जेवण वाचलं होतं ते इतकं, की शिजलंच नव्हतं!

शेवटच्या घरापाशी चारही डब्यांत मिळून निघाल्या कालच्या तीन पोळ्या, डझनभर केळी आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी.

बारा वाजता रिक्षा शेडपाशी थांबली. रांग गेटापर्यंत गेली होती. मालनबाईंनी पहिल्या डब्याचं झाकण काढलं, मग दुसऱ्याचं, मग उरलेल्या दोन्हींचं.

"साहेब, पोळ्या कुठं हैत?"

"वाचल्या," मार्तंडराव पुटपुटले.

"वाचल्या तं मंग दिसून कामून न्हाई राह्यल्या?"

याचं उत्तर बैठकीत ठरलेलं नव्हतं.

रांगेतला पुढचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी काल सकाळपासून चहावरच हाय. मालकिणीचं ऑपरेशन होतं, त्यात कालची पंगत बी हुकली. दोनला डॉक्टर येत्यात, तवर वर जावं लागंल मला." हा आष्टीचा सर्जेराव.

मार्तंडरावांनी वर पाहिलं. परवापर्यंत ऐंशी हा त्यांच्या गणितातला आकडा होता. आज त्या आकड्याला डोळे होते, आणि ते सगळे डोळे रिकाम्या डब्यांकडे लागले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"भाषण नगं!" मालनबाई कडाडल्या. "रिक्षा जुन्या जालन्यात न्या. ज्वारीचं वीस किलो पीठ, पाच किलो बेसन, मिरच्या, कांदे. जल्दी! अन् लोणचं ठिवून जा."

मार्तंडराव आयुष्यात कुठल्याही फायलीसाठी पळाले नव्हते, ते पिठासाठी पळाले. पाऊण तासानं परत आले तर दोन्ही चुली पेटलेल्या, आणि रांगेतल्या सात-आठ बाया पदर खोचून परातींपाशी बसलेल्या. त्यांच्यात सर्जेरावही भाकरी थापायला बसला. भाकरी अशी गोल, की मार्तंडराव बघतच राहिले.

"मालकीण आठ दिस झाले आजारी हाय," सर्जेराव म्हणाला. "शिकलो मंग. तुमाला येती का थापता?"

"मला... मला कांदा चिरता येतो," मार्तंडराव म्हणाले. तेही येत नव्हतं, हे पहिल्याच कांद्यानं सिद्ध केलं.

मग त्यांना चूल फुंकायला बसवलं. धुरानं डोळे लाल, तोंडाला काजळी, डोक्याला सर्जेरावनं दिलेला गमछा. सर्जेराव पहिल्या पंगतीत जेवून दोनच्या आत वर पळाला, तेव्हा कुठे मार्तंडरावांच्या जिवात जीव आला. शेवटचं माणूस जेवून उठायला तीन वाजले.

तेवढ्यात डॉक्टरांना भेटून सर्जेराव खाली आला. "सोडणार म्हन्ले उद्या!" म्हणत तो रिक्षाला टेकून बसलेल्या मार्तंडरावांशेजारी बसला. मालनबाईंनी मार्तंडरावांच्या हातावर गरम भाकरी ठेवली, वर पिठलं, वर ठेचा.

"नको बाई, माझा उपवास..."

"सकाळपासून उपाशी हैसा. खावा बरं गुमान."

मार्तंडरावांनी आजूबाजूला पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. चंद्र कुठेही नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले आणि चार भाकरी खाल्ल्या!

निघताना मालनबाई म्हणाल्या, "साहेब, पुढल्या चतुर्थीला बी या. फकस्त घरून जेवून या, अन् येताना पीठ आणा."

संध्याकाळी घरी मोदक उकडत होते. मार्तंडरावांनी खाकरून विचारलं, "चंद्रोदय किती वाजता?"

"तुम्हाला काय करायचंय चंद्राशी?" नीलाताईंनी फोन पुढे केला.

कॉलनीच्या ग्रुपवर केदारचा फोटो होता. ऑफिसच्या मीटिंगला जाण्याच्या घाईत त्यानं रस्त्यापलीकडूनच काढलेला. रिक्षावर 'संकल्पना : मार्तंडराव' असा फलक, आणि त्याखाली डोक्याला गमछा बांधलेला, काळवंडलेल्या तोंडाचा एक म्हातारा डोळे मिटून भाकरी खातोय. केदारनं लिहिलं होतं, 'आपल्या उपवासामुळे तृप्त झालेले एक गरजू बाबा!'

दोन-दोन बशा खिचडी रिचवून चाळीस घरांचा उपवास शाबूत होता. मोडला होता तो फक्त संकल्पनेचा.

खाली गंधाली मॅडमनी लिहिलं होतं, 'किती दिवसांचे उपाशी असतील हो बाबा! बघून डोळ्यांत पाणी आलं.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

"सांगू का मी ग्रुपवर, बाबा कोण ते?" नीलाताईंनी विचारलं.

"नको!"

मार्तंडरावांनी आपला फोन उघडला. मग आपणच काही न म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनीही त्या गरजू बाबांना दोन हात जोडले.