गाड्या न हलवता

माणूस साधारण वर्षाचा झाला की पादचारी होतो. बहुतेकांचं हे पुढे लायसन मिळालं की आपोआप बरं होतं, काहींचं रेंगाळतं, आणि काहींचं, म्हणजे माझ्या मामाचं घ्या, साठीनंतर अचानक उलटतं. चहा घ्या, सांगते. मामा-मामी यायला निघालेत, ते पोचेपर्यंत सांगून होईल. त्याच्यासमोर हा विषय नको, कारण त्याला वाटतं मी सगळ्याची टिंगल करते. मी टिंगल करत नाहीये. मी एका पार्किंगचं कौतुक करणार आहे.

तर मामा. उभा जन्म बस चालवली. पायी चालणाऱ्यांबद्दल त्याचं मत फार स्वच्छ होतं. त्याच्या मते पादचारी म्हणजे ब्रेक, आरसा आणि अक्कल या तिन्ही गोष्टी न बसवता रस्त्यावर सोडलेलं वाहन. जेवताना वगैरे तो हे सांगायचा. मग गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा पाय रुसला, आणि मामा वॉकर धरून स्वतःच्याच व्याख्येत जाऊन बसला.

पायाचे व्यायाम करून घेणारी एक ताई आहे दवाखान्यात, माझ्याच वयाची असेल. तिनं त्याला एकच काम दिलं. गाडीतून उतरायचं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत कुणाचा हात न धरता चालत यायचं. बस. आणि मामानं त्यात स्वतःचं एक कलम घातलं. मला फोन करून म्हणाला, "तुझ्या नव्या घरी मला कुणी उचलून आणायचं नाही. चालत येता येईल तेव्हा येईन, नाहीतर तूच येत जा." म्हणजे मी घर घेतलं, पडदे लावले, ते पडदे एकदा धुवूनसुद्धा झाले, आणि ज्या माणसानं मला लहानपणी बसमध्ये शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसवून अख्खं गाव फिरवलं त्यानं अजून माझं घर पाहिलेलं नाही.

(आता गाडी मामी चालवते. मामा शेजारी बसतो आणि सगळ्या प्रवासभर नसलेला ब्रेक दाबतो. त्या ताईचं म्हणणं, उजव्या पायाची सगळ्यात चांगली हालचाल तेव्हाच होते. उपचार म्हणून मामीला जरा जोरात चालवायला सांगितलंय.)

आता पार्किंग. दवाखान्याचं पार्किंग इतकं सुंदर आहे की काय सांगू. गाड्यांना छप्पर आहे, प्रत्येकीला नंबर आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर आरसे आहेत, भिंतीला धडकू नये म्हणून खांबांना रबर लावलंय. खांबांना. फाटकाशी जुनी पाटी होती, 'गाडी आपल्या जबाबदारीवर लावावी'. तिच्याखाली आता नवी पाटी आहे, 'चालणाऱ्यांनीही आपापल्या जबाबदारीवर चालावे'. कुणाला वाटेल हे निष्ठुर आहे. पण अपघात विभाग समोरच आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. बाहेर रस्त्यावर धडक बसली तर अँब्युलन्सची वाट बघत पडा. इथे नुसतं योग्य दिशेला पडलात तरी पुरे.

तर एकदा मामा वॉकर टेकत निघालाय, मामी मागून पिशवी घेऊन, आणि एक गाडी रिव्हर्समध्ये मागे आली. फार नाही, हळूच. वॉकरला टेकली, वॉकर वाकला आणि मामा शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर बसला. ती गाडी लागली की किंचाळायला. तिथला सिक्युरिटीवाला, त्याला सगळे शिट्टीदादाच म्हणतात, धावत आला. वाकला, नीट बघितलं आणि विचारलं,

"लागलं तर नाही ना कुठं?"

मामा म्हणाला, "कमरेत थोडं..."

"तुमचं नाही काका. बॉनेटचं म्हणतोय. जरा उठता का, तुमच्या खालचं दिसत नाहीये."

आता मामी म्हणजे तुम्हाला माहितीच नाही. मामी भांडत नाही. ती फक्त समोर बसते आणि जात नाही. ती पार्किंगच्या साहेबांसमोर जाऊन बसली, आणि बसून राहिली, आणि शेवटी साहेबांनी पादचारी सुरक्षा समिती नेमली. म्हणजे बघा, एका बाईच्या बसण्यातून संस्था उभी राहते.

समितीनं आधी पाहणी केली. गाडीत बसून. पायी करणं धोक्याचं होतं (हाच त्यांचा पहिला निष्कर्ष, आणि तो पाहणी सुरू व्हायच्या आधीच निघाला, इतकं त्यांचं काम जलद). बाकीचे निष्कर्षही फार विचार करायला लावणारे आहेत. पार्किंगमधला जवळपास प्रत्येक पादचारी हा मुळात गाडीतून उतरलेला असतो, त्यामुळे अपघातांचं मूळ कारण उतरणं हे आहे. धडक बसलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक त्या वेळी चालत किंवा उभे होते. (उरलेले दहा टक्के काय करत होते यावर उपसमिती काम करतेय.) आणि सगळ्यात पटण्यासारखं म्हणजे, मागे येणाऱ्या गाडीला माणूस दिसत नाही, पण माणसाला गाडी दिसते, तेव्हा ज्याला दिसतं त्यानं बाजूला व्हावं. मी हे वाचलं आणि मला एकदम वाटलं, अरे, खरंच की. आपल्याला दिसतं हा आपलाच दोष आहे.

मग सूचना आल्या. चालणाऱ्यांनी भडक कपडे घालावेत. एका ओळीत चालावं. उलटं चालू नये. लहान मुलांना उचलून घ्यावं, आणि उचलण्याइतकी लहान नसतील तर ती मोठी आहेत असं समजावं. वळण्यापूर्वी हात दाखवावा.

ही शेवटची सूचना मामाला फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा पादचाऱ्यांना कुणीतरी शिस्त लावतंय म्हणून तो भारावूनच गेला. अडचण एवढीच की त्याचे दोन्ही हात वॉकरला. मग मामी मागून चालत हात दाखवायची. मी स्वतः पाहिलंय हो, मामीचा हात डावीकडे आणि मामा सरळ.

"अहो, वळा ना. हात दाखवलाय मी."

"पुढं रस्ता मोकळा दिसतोय मला. तू कशाला दाखवलास?"

"मग आता काय हात खाली करू?"

"दाखवलाय तर ठेव. मागच्यांचा गोंधळ होतो."

मागे कुणी नव्हतं. तरी मामीचा हात दारापर्यंत तसाच.

पण मामीचं समाधान हातावर होईना. तिचं मागणं साधं होतं. फाटकापासून दारापर्यंत जमिनीवर दोन पट्टे मारा, त्यांच्या आत गाडी येणार नाही असं ठरवा, म्हणजे माझा माणूस सरळ चालत जाईल. ती पुन्हा जाऊन बसली. डबा घेऊन गेली होती, तो बघितल्यावर साहेबांनी सही केली. सहीच्या वर एकच अट लिहिली, काम गाड्या न हलवता करावे. बरोबर आहे ना, ज्यांच्या गाड्या त्यांना का त्रास.

पेंटरबुवा आले भर दुपारी, पार्किंग गच्च भरलेलं असताना. त्यांनी साहेबांना सांगितलं, मधे गाड्या आहेत. साहेब म्हणाले, अट वाचा. पेंटरबुवांनी अट वाचली आणि कामाला लागले, आणि असला सचोटीचा माणूस मी पाहिला नाही. समोर गाडी आली की पट्टा तिला वळसा घालून पुढे. कुणी तिरकी लावली होती, तिथं पट्टा तिरका. कुणाची डिकी उघडी होती, तिथं थोडं जास्तच अंतर सोडलेलं, डोक्याला लागू नये म्हणून. संध्याकाळी गाड्या आपापल्या घरी गेल्या. पट्टे राहिले.

सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये ते दृश्य बघायला हवं होतं. पिवळा धमक मार्ग फाटकातून निघतो, दाराकडे येतो, दार हाताशी आलं असं वाटतं तोच मागे फिरतो, नसलेल्या गाडीभोवती जातो, तिकडून दुसऱ्या नसलेल्या गाडीकडे, मग जनरेटरला भेटून येतो आणि शेवटी दमल्यासारखा दारात पोचतो. आणि वर नियम. मार्गावर चालणाऱ्याला पूर्ण हक्क. मार्ग सोडला की हक्क संपला, मग तुम्ही आणि तुमचं नशीब.

मधून सरळ गेलं तर मामाला सोपं होतं. मामी म्हणाली, "चला हो, कुणी नाहीये."

मामा म्हणाला, "रूट म्हणजे रूट."

आणि गेला ना तो पूर्ण मार्गानं. प्रत्येक वळसा. नसलेल्या गाडीच्या पुढून, नसलेल्या गाडीच्या मागून, उघड्या डिकीपाशी मान खाली घालून. मागे दोन म्हाताऱ्या आणि एक प्लास्टरवाला लागले, त्यांना वाटलं याला माहिती असणार. आठवड्यामागून आठवडे तो तसाच गेला, वॉकर सुटला, काठी आली. ताई खूश, कारण एवढी वळणं तिच्या व्यायामाच्या खोलीत बसलीच नसती. आणि एका सकाळी मामी मुद्दाम गाडीपाशीच थांबली आणि हा एकटा, फक्त काठीवर, दारात. मला तिथूनच फोन. आवाज असा, की शेवटच्या स्टॉपला गाडी वेळेवर लावलीय.

"पडदे कुठल्या रंगाचे लावलेस म्हणालीस?"

मी म्हटलं, "येऊन बघ."

ठरलं होतं, पुढच्याच आठवड्यात येणार. पण पुढच्या खेपेला मार्गावर एक गाडी उभी. साहजिक आहे. एवढ्या मोठ्या पार्किंगमध्ये स्वच्छ, मोकळी, नवा रंग दिलेली अशी तेवढीच जागा. शिट्टीदादा म्हणाला, "पाचच मिनिटं म्हणालेत काका." मामा थांबला. बाजूनं जायला मार्ग सोडावा लागला असता. तो त्या गाडीमागे उभा राहिला, ट्रॅफिकमध्ये बस उभी राहते तसा, शांतपणे, काठी धरून. पाच मिनिटं संपायच्या आधी दुसऱ्या दोन पाच मिनिटवाल्या तिच्यामागे आल्या. पाय थरथरायला लागला तेव्हा मामीनं त्याला परत गाडीत बसवलं.

त्यानंतर ते पट्टे कधी रिकामे दिसले नाहीत. समितीनंही मग वास्तव स्वीकारलं. पेशंटला गाडीनं थेट दारात सोडावं असा ठराव झाला, चालायचं कामच नाही. आणि परिणाम बघा. पादचाऱ्यांचे अपघात शून्य. पादचारीही शून्य, पण तो रकाना त्यांच्या अहवालात नव्हता. साहेबांच्या टेबलावर आता बक्षीस मिळालेली सुरक्षेची ढाल आहे, आणि ढाल घ्यायला जाताना ते आवारातल्या आवारात गाडीनं गेले, म्हणजे स्वतःचे नियम पाळणारा माणूस.

मामा मात्र दारात उतरायला लागला आणि पाय पुन्हा जड पडायला लागला. ताईनं विचारलं, घरी चालता का? घरात कुठे चालणार, पलंगापासून खुर्चीपर्यंत. चिडचिड करायचा. माझा फोन घेईना.

मग मीच जाऊन त्याला सांगितलं. म्हटलं, मामा, आमच्या बिल्डिंगखाली पट्टे आहेत. फाटकापासून लिफ्टपर्यंत, एकदम सरळ, रहदारी नाही, वळसा नाही. आमच्याकडे आखताना गाड्या हलवल्या होत्या. तो म्हणाला, "सरळ म्हणजे किती सरळ?" म्हटलं, तू बस चालवायचास ना तेवढा सरळ. म्हणाला, "मग बघू." म्हणून आज तो येतोय. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना बोलावलं, त्यानं दारातून चालत आत येताना कुणीतरी बघावं म्हणून. ते त्याला आवडणार नाही, पण आवडेल.

थांबा हं, मामीचा फोन.

हां मामी... पोचलात? ... मग या ना वर... कुठे? ... पट्ट्यांवर? ... आणि मामा? ... अगं मग बाजूनं आण त्याला... हो, नाही येणार, माहितीये... बसायला आहे का काही तिथं? ... बरं. बरं, सांगते.

काही नाही. खाली पट्ट्यांवर कुणाची तरी गाडी उभी आहे. मामा काठी टेकून तिच्यामागे थांबलाय. मामी म्हणते, बाजूनं चला म्हटलं तर म्हणतो, पाच मिनिटांसाठी लावली असेल कुणी, येईलच. तुम्ही उठू नका, चहा संपवा, त्याला थांबायची सवय आहे. कुणाची असेल एवढंच विचारायचं होतं.

मामी म्हणते, तिला तरी एकच गाडी दिसतेय. मग तुम्ही सगळ्यांनीच किल्ल्या का काढल्यात?