पत्र्यावरचे मधुकरराव आणि सबळ पुरावा

बोरीवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून आमची सोसायटी आहे. रविवारी सकाळी दुधाच्या टेम्पोमागून तिथे बिबट्या आत आला. वॉचमनने लगेच उंच गेट लावून घेतलं, कारण नोंद नसलेल्या पाहुण्याला परस्पर बाहेर सोडायचं नाही, असा ठराव आहे. पाण्याची मोटर बघायला खाली आलेले मधुकरराव पंपघराच्या पत्र्यावर चढले. बिबट्या खाली गेटकडे तोंड करून बसला.

"अहो, वनखात्याला फोन करा कुणीतरी!" मधुकररावांच्या पत्नी क्षमाताई खिडकीतून ओरडल्या.

"वहिनी, भावनेच्या भरात काही करायचं नसतं," सेक्रेटरी निमेशभाई म्हणाले. नुकतंच त्यांनी वन्यजीव व्यवस्थापनावर एक व्याख्यान ऐकलं होतं. "आधी जगभरचे अभ्यास गोळा करायचे, चाळायचे, मग सबळ पुरावा सांगेल तेच करायचं."

पद्धत उत्तमच आहे. आम्ही समितीवाले लगेच गच्चीवर बसलो. बिबट्या हाकलण्यावर ढीगभर शोधनिबंध निघाले. आफ्रिकेतले वगळले, तिथे सोसायट्या नाहीत. उसातले वगळले, आमच्याकडे ऊस नाही. उरला एकच. तो पाणमांजरांवर होता, पण मांडणी निर्दोष असल्याने ठेवला.

"अरे, तो इथेच बसलाय! पत्रा तापलाय, पाय भाजतायत माझे!" मधुकरराव ओरडले.

"काका, हा वैयक्तिक अनुभव झाला ना," समितीतली गंधाली समजुतीने म्हणाली. "सगळ्यात खालच्या दर्जाचा पुरावा. शिवाय तुमचे हितसंबंध गुंतलेत."

तुलनेसाठी बिबट्या नसलेल्या पत्र्यावरही माणूस हवा, म्हणून मागच्या पार्किंगच्या पत्र्यावर समितीतल्या हर्षदला छत्री देऊन चढवलं. त्याला काहीही झालं नाही. त्यावरून पत्रा सुरक्षित ठरला आणि मधुकररावांची निकड कमी झाली.

"माणूस पापडासारखा वाळत घातलाय आणि कागद कसले चाळताय? लाज वाटत नाही?" क्षमाताई रडत म्हणाल्या. हे 'संबंधितांचं मत' म्हणून नोंदवून घेतलं.

दुपारी समितीसाठी इडल्या मागवल्या. त्या घ्यायला वॉचमनने गेट उघडलं. बिबट्या उठला, अंग ताणलं आणि इडल्यांकडे ढुंकूनही न बघता निघून गेला.

मधुकरराव उतरू लागले.

"थांबा!" निमेशभाई ओरडले. "निष्कर्ष यायचाय अजून!"

निष्कर्ष आला तो असा: 'गेट उघडणे' हा उपाय एकाच बिबट्यावर लागू पडल्याने ग्राह्य नाही. अधिक संशोधन हवं. पुढच्या वेळी मधुकररावांनीच सहकार्य करावं, त्यांना अनुभव आहे.

क्षमाताई आता आमच्याशी बोलत नाहीत. एवढ्या शिकलेल्यांत एकालाही गेट उघडायचं सुचू नये, असं त्या सगळ्यांना सांगत फिरतात. आम्हाला नाही सुचलं, मान्य. पण बिबट्या गेटकडे तोंड करून बसलाय, हे तुम्हाला मी अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मधुकरराव वर भाजत होते आणि तुम्हीही समिती काय म्हणते तेच वाचत बसलात.