नियम तेवीसचं कारण

ज्वालागडच्या दिवाणांची नोटीस बुधवारी सकाळी दुधाच्या पिशव्यांबरोबर दाराशी आली, आणि शनिवारपर्यंत माझी झोप उडाली. राज्याच्या नियमावलीतला नियम क्रमांक तेवीस आपण केलेला असल्याचं दिसून येतं, तरी या नियमाचं राज्यातलं कारण शनिवारी दुपारी चार वाजता समक्ष हजर राहून सांगावं, न सांगितल्यास नियम रद्द होईल, असं त्यात लिहिलं होतं. अक्षर सुरेख होतं. नोटिशीचा कागद कडेला किंचित जळला होता, पण तो मुद्दाम नसावा.

ज्वालागड हे माझ्या थोरल्या मुलीचं, शाल्मलीचं, राज्य. ती नऊ वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने ते एका दोनशे पानी वहीत वसवलं. एक किल्ला, एक जंगल, तीन नद्या आणि भडाग्नी नावाचा एक ड्रॅगन. सोसायटीतली मुलं वीर होतात, फासे टाकतात आणि पडेल त्या आकड्याप्रमाणे लढतात, पळतात किंवा खाल्ली जातात. जूनपर्यंत हे सगळं वहीत होतं. जुलैत खुद्द ज्वालागडकरांनी रीतसर कारभार सुरू केला, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली त्यांच्या नावाची पत्रपेटी लावून दिली. कऱ्हाडात एवढं पटकन कुणाचं काम होत नाही.

नियम तेवीस तीनच शब्दांचा आहे. 'कुहू कच्चा लिंबू.'

कुहू माझी धाकटी. साडेचार वर्षांची. इथे राहायला आल्यापासून सात महिने ती माझ्या ओढणीमागून जग बघत होती. खाली सोडलं की जिन्यावरून परत वर. शेवटी मे महिन्यात एकदा ती खेळाच्या कोंडाळ्याजवळ जाऊन उभी राहिली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, "शाल्मली, तिला कच्चा लिंबू घ्या गं!" म्हणजे तिला खेळायला घ्या, तिची पाळी तिला द्या, पण ती आउट झाली तरी आउट धरू नका. माझ्या लहानपणी आम्हीही कुणाकुणाच्या धाकट्या भावंडांना असंच घ्यायचो. यात कारण काय द्यायचं असतं? पण शाल्मलीने ते वहीत उतरवलं, आणि वहीत उतरलं ते ज्वालागडात लागू झालं.

तेव्हापासून कुहू रोज खाली जाते. मला भीती एवढीच होती, की नियम गेला, पहिल्याच चाव्याला ती आउट झाली, की पुन्हा ओढणी.

"तुझा नियम आहे, तू कारण दे," शाल्मली पोहे खाता खाता म्हणाली. "माझ्या बावीस नियमांची कारणं पास झालीत."

"बघू तरी, कसली कारणं देतेस तू."

तिने वही पुढे सरकवली. ड्रॅगन आपली पाळी येईपर्यंत का थांबतो? कारण पोटात जाळ साठायला तेवढा वेळ लागतो. ग्राह्य. वीराला सातपेक्षा जास्त वस्तू का नेता येत नाहीत? कारण खिंड अरुंद आहे आणि आठवी वस्तू कडेला घासते. ग्राह्य. खाल्लेला वीर एक डाव बाहेर बसून परत कसा येतो? कारण भडाग्नीच्या घराण्यात मांसाहार चालत नाही, पोट आलेला माणूस परत पाठवतं. ग्राह्य, आणि समासात दिवाणांचा शेरा होता, 'उत्तम.'

मी एम.एस्सी. आहे. माझ्या आयुष्यात कुणी समासात 'उत्तम' लिहिलेलं नाही.

"आणि मुलांना प्रत्येक नियमाचं कारण सांगावं, हे पुस्तक कोण वाचत होतं?" प्रसन्नने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बूट घालता घालता विचारलं. त्याला असे प्रश्न बूट घालतानाच सुचतात, म्हणजे लगेच निघून जाता येतं.

पुस्तक मीच वाचत होते. सोळाव्या पानापर्यंत.

शुक्रवारी दिवाण स्वतः पूर्वतयारीसाठी आले. खड्गसेन त्यांचं नाव. कमरेला तलवार, काखेत फाईल, आणि पायात चपला नेमक्या पायपुसण्यावर काढलेल्या. मी चहा ठेवला. त्यांनी साखर कमी सांगितली.

"बाईसाहेब, मसुदा तयार आहे का?"

"ती लहान आहे," मी म्हटलं. "हे कारण चालेल?"

त्यांनी फाईल चाळली. "आमच्याकडे बुटके आहेत. कुहूताईंपेक्षा वीतभर कमी. ते सर्रास खाल्ले जातात."

"उंचीने नाही हो, वयाने लहान."

"भडाग्नी नऊशे वर्षांचे आहेत. त्यांच्या मानाने आम्ही सगळेच बाळं."

"मग जन्मताच तिला देवीचा आशीर्वाद मिळालाय, असं लिहा."

"लिहितो. आशीर्वाद क्रमांक?"

मी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"खरं सांगू का," मी शेवटी म्हटलं. "ती हरली तर रडेल आणि परत खाली जाणार नाही. एवढंच कारण आहे."

दिवाणांनी कप खाली ठेवला. चेहरा खरोखर हळवा झाला होता. "मला व्यक्तिशः पटतं, बाईसाहेब. पण हे कारण कऱ्हाडातलं झालं. ज्वालागडातलं पाहिजे. राज्याबाहेरची कारणं आम्ही घ्यायला लागलो तर उद्या जेवायची वेळ झाली म्हणून युद्धं थांबतील."

"ती तशीही थांबतात. मीच हाक मारते ना."

"त्याला कारण आहे. आपल्या हाकेने शत्रूच्या घोड्यांना झोप येते. नियम अकरा."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सुनावणी गच्चीवर ठेवली, कारण भडाग्नी लिफ्टमध्ये मावत नाहीत. ते बाहेरून आले आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसले. वाळत घातलेले सोसायटीचे कपडे पाच मिनिटांत कडकडीत वाळले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या घोरपडेकाकू खाली जाऊन आणखी एक बादली घेऊन आल्या. शाल्मली आणि खेळातली सगळी मुलं कठड्याच्या सावलीत ओळीने बसली. मी एका उलट्या घातलेल्या टबावर बसले. कुहू माझ्या ओढणीमागे.

"आधी अर्जदाराचं म्हणणं," दिवाण म्हणाले.

भडाग्नी खाकरले. दोन रुमाल उडाले. "वहिनी, माझं तुमच्याशी भांडण नाही. पोरगी गोड आहे. पण चौदा वेळा चावलो मी तिला. चौदा वेळा! काही म्हणजे काही होत नाही. ती नुसती हसते. माझा खालचा एक दात हलायला लागलाय. पलीकडच्या डोंगरातले आमचे भाऊबंद विचारतात, काय रे, लिंबू चावत नाही का? मी म्हणतो, नियम आहे. ते म्हणतात, का? आता मी काय सांगू? का, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"ड्रॅगनकाका, मला पण कधी कुणी सांगत नाही," शाल्मली म्हणाली.

"तू गप्प बस," मी म्हटलं, आणि का, ते सांगितलं नाही.

मी उभी राहिले. हातात कागद होता. त्यावर खोडून खोडून एकच ओळ उरली होती, आणि तीही मला आता वाचता येत नव्हती. म्हणून मी वनस्पतिशास्त्राकडे वळले. माणूस घाबरला की शिकलेल्याकडे वळतो.

"भडाग्नीभाऊजी, ज्वालागडचं जंगल तुम्ही दरवर्षी जाळता?"

"वैशाखात. नियम सहा."

"सगळं?"

"सगळं. म्हणजे देवराई सोडून."

"ती का सोडता?"

भडाग्नींनी दिवाणांकडे बघितलं. "आमच्या आजोबांपासून सोडतो. देवाचं रान. तिथली काडी पण घ्यायची नसते."

"ते झालंच," मी म्हटलं. "पण देवराई सोडली नसती, तर पुढच्या वैशाखात जाळायला काय राहिलं असतं? बी कुठून आलं असतं? जळलेलं जंगल दरवर्षी देवराईच्या बियांतूनच परत उभं राहतं. तुमच्या आजोबांना ते माहीत होतं." मला आता माझाच आवाज आवडायला लागला होता. "तसंच माणसांचं. तुम्ही एखाद्या डावात सगळ्या वीरांना खाल्लंत, सगळे बाहेर बसले, तर फासा कोण टाकणार? फासा पडला नाही तर तुमची पाळी कशी येणार? जाळ पोटात साठून साठून तुमचं काय होईल? म्हणून ज्वालागडाने एक माणूस राखून ठेवलंय. कुणीही हात लावायचा नाही असं. कुहू म्हणजे राज्याची देवराई आहे. ती उभी असते, म्हणून तुम्हाला दुसऱ्या दिवशी खायला कुणीतरी मिळतं."

घोरपडेकाकूंनी चिमटे तोंडात धरून ठेवले होते.

भडाग्नींच्या नाकातून येणारा धूर हळूहळू पांढरा झाला. "हे भाऊबंदांना सांगता येईल," ते म्हणाले. "सांगताना बरं पण वाटेल. मी चावत नाही असं नाही, मी राखतो. वहिनी, हे आधी सांगितलं असतंत तर दात वाचला असता."

दिवाणांनी फाईल उघडली, तलवारीच्या मुठीला खोचून ठेवलेलं पेन काढलं आणि लिहिलं. कारण ग्राह्य. नियम तेवीस कायम. मग क्षणभर थांबून समासात काहीतरी आणखी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'उत्तम.'

मला इतकं हलकं वाटलं, की मी प्रसन्नला तिथूनच फोन लावायला निघाले होते. तेवढ्यात ओढणी मागून ओढली गेली.

"पण मला आउट व्हायचंय," कुहू म्हणाली.

"काय?"

"ताईला तीनदा खाल्लं. मुग्धाला खाल्लं. आर्यकला पण खाल्लं. मला एकदा पण नाही."

"अगं राणी, म्हणजे तू हरत नाहीस. छान आहे ना ते?"

"नाही छान," ती म्हणाली. तिचा ओठ थरथरला. आता रडणार, हे मला दिसलं. आणि हरल्यामुळे नव्हे, हेही दिसलं. "सगळे पोटातलं काय काय सांगतात. मला काहीच सांगता येत नाही."

मी दिवाणांकडे बघितलं. का बघितलं, कुणास ठाऊक. कदाचित नियम कायम झालाय हो, आता काही करता येणार नाही, असं त्यांनी म्हणावं म्हणून.

"देवराईने स्वतःहून परवानगी दिल्यास," दिवाण सावकाश म्हणाले, "काडी घेता येते. तोंडी अर्ज चालतो. पालकांची हरकत असल्यास आत्ता सांगावी."

मुलं माझ्याकडे बघत होती. भडाग्नीसुद्धा.

"वहिनी, काळजी नको," ते हळू आवाजात म्हणाले. "आत मऊ असतं. या दिवसांत जरा कोंदट होतं, एवढंच. आणि आमचं पोट तुम्हाला माहीतच आहे."

मला हरकत होती. साडेचार वर्षांची हरकत होती. पण तिला राज्यातलं कारण मला सापडेना.

"हरकत नाही," मी म्हटलं.

शाल्मलीने फासा कुहूच्या हातात दिला. वाचायचं असेल तर पाच किंवा सहा पाहिजे होते. कुहूने दोन्ही हातांत फासा खुळखुळवला, डोळे मिटले आणि टाकला. दोन पडला. मुलांनी आरोळी ठोकली. भडाग्नी पुढे झाले, हलणारा दात एका बाजूला सांभाळत त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्या मुलीला नियमाप्रमाणे खाल्लं. मी परत टबावर बसले आणि दोन्ही हातांनी त्याची कड घट्ट धरली. आतून काहीतरी ऐकू आलं. ती गाणं म्हणत होती.

मग घराण्याच्या रीतीप्रमाणे ती परत आली. केस चिकटलेले, फ्रॉक गरम, गाल लालबुंद. मुलांनी तिच्याभोवती गर्दी केली. "काळोख होता का?" "जीभ लागली?" ती कुणालाच उत्तर देत नव्हती. ती त्या गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आली. मी ओढणी पुढे करून हात पसरले.

"आई, ऊठ ना," कुहू म्हणाली, "इथे आउट झालेले बसतात."