गंजसुद्धा ओरिजिनल

एका जंगलात रस्ताच नव्हता. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्या जंगलात हैबतराव नावाचं अस्वल राहायचं. पोट भरलेलं, गुहा कोरडी, बायको शहाणी, पिल्लं दोन. अशा अस्वलाला दुःख असं काही नसतं, त्यामुळे ते शोधावं लागतं. हैबतरावांना ते एके सकाळी सापडलं. आपल्याकडे जीप नाही, हे ते दुःख.

पलीकडच्या डोंगरावर एका गव्याकडे जुनी जीप होती. ती चालत नव्हती. पण तिच्याशेजारी उभा राहून तो ज्या थाटात रवंथ करायचा, तो थाट हैबतरावांच्या मनातून जाईना.

"अहो, पण तुम्हाला जायचंय कुठे?" त्यांच्या पत्नीने, कौसाबाईंनी विचारलं.

"रस्ता नसेल तिथूनही जाते म्हणे ती."

"मग तुम्ही आत्ता कुठून जाता?"

हैबतरावांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. ते जन्मापासून बिनरस्त्याचेच चालत आले होते. चिखलातून, दगडधोंड्यांतून, चारही पायांवर सारखा जोर देऊन. पण स्वतःच्या पायांशेजारी उभं राहून मिरवता येत नाही, ही मोठी अडचण आहे.

ओढ्याकाठी दौलत तरस भंगाराचा धंदा करायचा. जंगलात काही मेलं किंवा मोडलं की ते दौलतकडे यायचं. त्याच्या आवारात, जांभळाखाली, कुणा शिकारी साहेबाने टाकून दिलेली जीप उभी होती. मागच्या सीटवर वारूळ होतं. स्टिअरिंगवर वेल चढला होता, आणि तो चांगला फुलला होता.

"चाळीस पावसाळे जागची हललेली नाही," दौलत म्हणाला. "म्हणजे बघा हैबतराव, किती कमी वापरलेली गाडी."

"गंज दिसतोय पण."

"गंजसुद्धा ओरिजिनल आहे. हल्ली असा गंज येत नाही."

हैबतरावांनी बॉनेटवर पंजा ठेवला. बॉनेट वीतभर आत गेलं. तोवर हैबतरावांचं मनही गेलेलं होतं, त्यामुळे त्यांना बॉनेटचं काही वाटलं नाही.

"काय घ्याल?" त्यांनी विचारलं.

"टेकडीवरचं तुमचं मोहाचं झाड द्या. तुमच्यासाठी म्हणून एवढ्यावर देतोय."

आता हे झाड हैबतरावांचं नव्हतंच. ते कौसाबाईंचं होतं. लग्नात त्यांच्या आईने ते लेकीला दिलं होतं. चैत्रात त्याच्याखाली फुलांचा सडा पडायचा, आणि सगळं घरदार पहाटेपासून पोट फुटेस्तोवर मोहफुलं खायचं. दोन्ही पिल्लं चालायला शिकली ती त्याच झाडाखाली. कौसाबाईंचा त्या झाडावर फार जीव होता.

घरी सौदा ऐकून त्या उठून पिल्लांजवळ जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आधी कुणा जाणत्याला गाडी दाखवा. त्याने घ्या म्हटलं, तर देईन झाड."

इथे कौसाबाईंची थोडी चूक झाली. कोणत्या जाणत्याला, ते त्यांनी सांगितलं नाही.

जंगलात जाणता म्हणजे महादूमिस्त्री. हा सुतारपक्षी. एकदा चोच मारली की लाकूड कुठवर चांगलं आहे ते सांगायचा. पारख करून देण्याचा त्याचा मोबदलाही जुन्या रिवाजाप्रमाणे ठरलेला होता. ठोकताना जे किडे, मुंग्या, वाळवी निघेल, ते सगळं मिस्त्रीचं. दुसरं काही मागायचं नाही. माल सडका निघाला की मिस्त्रीचं पोट भरायचं. माल चांगला निघाला की बिचारा उपाशी घरी जायचा.

मिस्त्री आला आणि जीपला पुढून मागे ठोकत गेला. टक, टक, ठप, ठप, ठप.

"टक वाजतंय तो पत्रा," तो म्हणाला. "ठप वाजतंय ती पुट्टी. आणि इथे काहीच वाजत नाही, कारण इथे काहीच नाही."

"मग इथे काय दिसतंय हे?"

"रंग."

त्याने फळ्यांमधली वाळवी खाल्ली. सीटमधले किडे खाल्ले. मग खाली शिरून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, चोच मारली, तर ती आरपार गेली आणि अडकली. हैबतरावांनी त्याला शेपटीला धरून ओढून काढलं.

"चॅसी खलास आहे. दारं दोन वेगळ्या गाड्यांची आहेत," मिस्त्री म्हणाला. "आणि हे इंजिन जीपचं नव्हेच. विहिरीवरच्या पंपाचं आहे."

"म्हणजे पाण्यातूनही जाईल," हैबतराव हळूच म्हणाले.

"हैबतराव, घेऊ नका." मिस्त्रीने ढेकर दिला. वारूळही त्याने संपवलं होतं.

त्या ढेकरानेच घात केला. हैबतराव घरी जाताना विचार करू लागले. हा मिस्त्री पोटभर जेवला. जेवला कशावर, तर माझ्या गाडीतल्या दोषांवर. ज्याचं पोट दोषांवर भरतं, तो दोष काढणारच. एवढं जेवून कुणी गाडी चांगली आहे म्हणेल का?

मुलांनो, डोकं नसलेल्याचं एक वेळ चालतं. ज्याला डोकं असतं आणि ज्याला जीपही हवी असते, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे," असं म्हणत हैबतराव कुंपणावरच्या सरड्याकडे गेले. जंगलातले सगळे त्याला काका म्हणायचे. काका काहीच घ्यायचे नाहीत, म्हणजे निःस्पृह असणार.

"काका, इंजिन बरं आहे ना?"

सरडेकाकांनी मान हलवली.

"चॅसीचं काय, वेल्डिंग करून होईल ना?"

काकांनी मान हलवली.

"मग घेऊ ना?"

काका मान हलवतच होते. सरड्यांना ती सवयच असते. "नको ना घेऊ?" असं विचारलं असतं, तरी त्यांनी ती हलवलीच असती. पण काकांना असं अजून कुणी विचारलेलं नाही.

"जाणत्याने हो म्हटलं," हैबतरावांनी घरी येऊन सांगितलं.

"मिस्त्रींनी?"

"सरडेकाकांनी."

कौसाबाईंना काय झालं ते कळलं. पण त्यांनी शब्द दिला होता. त्या जंगलात दिलेला शब्द पाळायची रीत होती, आणि ती बहुधा बायकाच पाळायच्या.

दुसऱ्या दिवशी सौदा करायला सगळे टेकडीवर जमले. झाड ताब्यात घ्यायच्या आधी दौलत म्हणाला, "थांबा. मी मिस्त्रींना बोलावलंय. माल पाहून घ्यायची माझी पद्धत आहे."

महादूमिस्त्री आला. तो झाडावर चढण्याआधी कौसाबाई त्याच्याजवळ गेल्या.

"मिस्त्री, एक तरी कीड निघू द्या," त्या म्हणाल्या. "एवढं करा माझ्यासाठी."

मिस्त्रीने मान खाली घातली. मग तो कामाला लागला. खोडावर ठोकलं, फांद्यांवर ठोकलं. एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. इतक्या बारकाईने त्याने जन्मात काही तपासलं नव्हतं. या खेपेला त्याला स्वतःलाच कीड हवी होती. सूर्य डोक्यावर आला. मिस्त्रीची चोच बधिर झाली आणि पोट पाठीला लागलं.

शेवटी तो खाली उतरला.

"नाही हो सापडत, बाई," तो म्हणाला. "शंभर वर्षं फुलेल असं झाड आहे."

दौलत तरस हसला. तरसं हसतातच, पण या वेळी कारण होतं.

"माझा एकच नियम आहे," तो म्हणाला. "मिस्त्री जेवून उठला तर माल विकायचा. उपाशी उठला तर घ्यायचा."

हे हैबतरावांनीही ऐकलं. त्यांना वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतंय. तसं काही झालं नाही. त्यांची छाती अभिमानाने फुगली. "पाहिलंस?" ते बायकोला म्हणाले. "आपण काही हलकासलका माल देत नाही."

कौसाबाईंनी झाडाच्या बुंध्यावरून एकदा पंजा फिरवला आणि त्या पिल्लांना घेऊन टेकडी उतरल्या.

जीप ओढत ओढत गुहेपर्यंत आणायला सात गवे लागले. पावसात भिजू नये म्हणून तिला तोंड बाहेर करून गुहेत ठेवलं, आणि गुहेत जागा उरली नाही म्हणून घरदार बाहेर राहू लागलं. रोज संध्याकाळी हैबतराव स्टिअरिंगवर बसतात आणि तोंडाने घर्र घर्र करतात. पिल्लं मागून ढकलतात. हैबतराव खरोखर सुखी आहेत, हे मात्र कबूल करायला हवं.

चैत्र आला. वाऱ्याबरोबर मोहाचा वास गुहेपर्यंत आला, आणि घर्र घर्र करता करता हैबतराव एकदम थांबले.

"अगं," ते म्हणाले, "ये ना, बस शेजारी. बसून तरी बघ एकदा."

कौसाबाईंनी नको म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्या येऊन बसल्या. सीट बरीच उंच होती. जमिनीवरून झाडीआड जाणारी टेकडी तिथून स्पष्ट दिसत होती, आणि टेकडीवरचं त्यांचं झाडही दिसत होतं. खाली फुलांचा पिवळा सडा पडला होता. दौलतची पोरं त्यात लोळत होती.

"आवडली ना गाडी?" हैबतरावांनी विचारलं.

"हो," कौसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यानंतर त्या रोज संध्याकाळी येऊन बसू लागल्या. बायकोलाही शेवटी जीपचा लळा लागला, असं हैबतराव गव्याला सांगतात.

तात्पर्य : जुनी गाडी घेताना जाणत्याचा सल्ला जरूर घ्यावा. विकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.