नरोत्तमभाऊंची भरीव भिंत

इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला साठीचा माणूस भर दुपारी भिंतीच्या पायाशी पालथा पडलेला दिसला, तर तुम्ही काय कराल? मी धावत गेले. नोकरीचा पहिलाच दिवस होता. मला वाटलं, ऊन लागलं असावं. पाण्याची बाटली उघडून वाकले, तर खालून आवाज आला, "पाणी नको. आरसा दे. त्या डब्यावर हाय."

हे आमचे नरोत्तमभाऊ सावे. राहणार माहीम. मुंबईतलं नव्हे, केळव्याजवळचं. हा खुलासा ते न विचारता करतात आणि वर, मुंबईवाल्यांनी आमचं नाव नेलं, अशी तक्रारही जोडतात. घरची वाडी आहे, पण यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंती भरण्यात गेलं.

आमची साइट बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत होती. एका बाजूला रसायनांची पिंपं ठेवायची खोली, दुसऱ्या बाजूला पॅकिंगचं दालन. तिथे चाळीस बायका बसणार होत्या. मधे वीस फूट उंच भिंत. डहाणूकडची जमीन अधूनमधून हलत असते, त्यामुळे भिंत साधी चालणार नव्हती. पोकळ ब्लॉक एकावर एक रचायचे, पोकळ्यांतून उभ्या सळ्या न्यायच्या आणि मग वरून पातळ काँक्रीट ओतून त्या पोकळ्या भरून टाकायच्या. आम्ही इंजिनियर याला ग्राउटिंग म्हणतो. नरोत्तमभाऊ म्हणतात, "भिंतीला पेज पाजायची."

पेज पाजण्याआधी पोट साफ हवं. ब्लॉक रचताना सिमेंट-वाळूचा मसाला आत सांडतो, तो तळाशी साचतो. तो काढायला प्रत्येक पोकळीच्या तळाशी एक खिडकी ठेवलेली असते, वहीच्या पानाएवढी. नरोत्तमभाऊ पालथे पडून तिच्यातून खांद्यापर्यंत हात घालत, खडे काढत, मग आरसा तिरका धरून पार वरच्या आभाळापर्यंत बघत. आभाळाचा चौकोन स्वच्छ दिसला की "पोट साफ!" अशी आरोळी. अशा साठ पोकळ्या, साठ आरोळ्या, मग खिडक्या बंद.

"भाऊ, पांढरा शर्ट कशाला घालता?" मी एकदा विचारलं.

"भिंत काय रोज जेवते? मानाने वाढायला नको?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही पालथं पाडलं. माझ्या नव्या कोऱ्या ड्रेसची कोपरं तिथेच गेली. मी बोईसरातच वाढलेली, वडील नोकरीसाठी सांगलीकडून आलेले. डिप्लोमाला पहिला वर्ग होता. पण भिंत आतून कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं. एक अरुंद काळी विहीर, मधे सळई आणि टोकाला पैशाएवढं आभाळ.

"काय दिसला?"

"आभाळ."

"मग ओरड की, बाय!"

मी ओरडले. परांचीवरचे सगळे गवंडी हसले.

पेजेचंही त्यांचं शास्त्र होतं. घट्ट झाली की "भात केलास रे!" आणि फार पातळ झाली की "ही पेज नाय, हा निवळ!" भिंत एका दमात भरायची नाही. चार फूट भरायची, व्हायब्रेटर घालून हलवायची आणि थांबायचं. ब्लॉक पाणी पितात, पेज खाली बसते. मग पुन्हा हलवून वर थोडी घालायची. या थांबण्याच्या दहा मिनिटांत ते कोणालाही कामाला हात लावू देत नसत. "जेवताना कोण धावतो का?" म्हणून सगळ्यांना बसवत आणि स्वतः मात्र फेऱ्या मारत.

मोठ्या साहेबांना ही दहा मिनिटं सहन होत नसत. छपराचे लोक सोमवारी येणार होते आणि भिंत शनिवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण हवी होती. त्या शनिवारी दुपारी नेमकी सतरावी पोकळी अडली.

झालं असं की बाकीच्या प्रत्येक पोकळीत चार फुटांना दोन बादल्या पेज जात होती. सतराव्या पोकळीत एक बादली गेली आणि तोंडाशी आली. नरोत्तमभाऊंनी हात वर केला. मिक्सर थांबला.

"काय झालं?" साहेब खालून ओरडले.

"भूक कमी हाय हिची. आत कायतरी अडकलाय."

"अहो, भरली म्हणजे भरली! वरून प्लास्टर होणार आहे. कोणाला दिसतंय?"

नरोत्तमभाऊ परांचीवरून सावकाश उतरले. साहेबांसमोर उभे राहिले, हात जोडले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, या जागेच्या बरोबर पलीकडे कोण बसणार, त्या बाईचा नाव मला सांगा. मी जाऊन तिला सांगतो, की तुझ्या पाठीमागे दोन फूट पोकळ हाय. ती हो म्हणाली तर ठेवू."

 साहेब फोन कानाला लावून निघून गेले.

ब्लॉक फोडला. आत सळईला अडकलेला, चुरगळलेला सिमेंटच्या कागदी गोणीचा तुकडा निघाला. त्याच्यावर पेज अडली होती, खाली हात घातला तर नुसती हवा. सकाळी तर ही पोकळी साफ होती! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी रामसेवक नावाचा गवंडी पुढे आला. "गलती हमसे हुई, चाचा. वर मसाला सांडत होता, आत जाऊ नये म्हणून तोंडात गोणी ठुंसी थी. सरक गयी."

मला वाटलं, आता याची धडगत नाही. नरोत्तमभाऊंनी गोणीचा तुकडा हातात घेऊन नीट बघितला. "अरे, दिवार को पेज पिलाने का, कागद नय खिलाने का," एवढंच बोलले. मग त्याच्याच हाताने ती पोकळी पुन्हा साफ करवून घेतली, नवा ब्लॉक बसवला. आरोळीही त्यालाच द्यायला लावली. चूक कोणाची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "माझ्याकडनंच झाला." भिंत रविवारी दुपारी पूर्ण झाली. छपराचे लोक मंगळवारी आले. कोणाचंही काही बिघडलं नाही.

असा हा कडक माणूस सकाळी मात्र रोज साडेनवाला यायचा. बाकी सगळे आठला. मी कधी विचारलं नाही. मग पावसाळा संपल्यावर एके दिवशी त्यांनीच मला बाजूला घेतलं. "रविवारी माहीमला येशील? कापायचा मशीन घेऊन. एक भिंत फोडायची हाय."

मी आणि रामसेवक गेलो. त्यांच्या वाडीच्या मधोमध सात फूट उंच भिंत होती. वीस वर्षांपूर्वी फणसाच्या एका झाडावरून थोरल्या भावाशी वाजलं आणि वाटणी झाली. रागाच्या भरात नरोत्तमभाऊंनी एकट्याने ही भिंत बांधली. सळ्या घालून, प्रत्येक पोकळी भरून. झाड पुढे वादळात पडलं, भिंत राहिली. गेल्या वर्षी त्या थोरल्या भावाला, दामूदादांना, अर्धांगवायू झाला. वहिनींना एकटीला उचलवेना. तेव्हापासून नरोत्तमभाऊ रोज सकाळी गल्लीतून, देवळाला वळसा घालून, रस्त्याने पलीकडे जात, दादांना आंघोळ घालत, दाढी करून देत आणि मग साइटवर येत.

"इथे दरवाजा पाडू," ते म्हणाले. "वहिनीने हाक मारली तर लगेच जाता आला पायजे."

दरवाजाएवढी जागा कापायला आम्हाला सकाळपासून दुपारचे चार वाजले. दोन पाती झिजली. रामसेवक घामाने निथळत म्हणाला, "चाचा, क्या भरा है इसमें!" कापलेल्या कडेवर मी हात फिरवला. एकही पोकळी रिकामी नव्हती. मी आयुष्यात बघितलेलं ते सर्वांत चांगलं काम होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

नरोत्तमभाऊंनी मान खाली घातली. "राग होता ना, बाय. एक तरी पोकळ र्‍हायली असती तर बरा झाला असता."

शेवटचा तुकडा पडला आणि पलीकडे पडवीत खुर्चीवर बसलेले दामूदादा दिसले. चार पावलांवर. वहिनी दारात पदर धरून उभ्या होत्या. नरोत्तमभाऊ मात्र अलीकडेच, फुटलेल्या ब्लॉकवर बसून राहिले.

"जा ना, भाऊ," मी म्हटलं.

"जातो. रस्त्याने जायचो तेव्हा, दादाशी आज काय बोलायचा ते वाटेत ठरवायचो. पार देवळापर्यंत जुळवत जायचो. आता एवढ्यात काय सुचणार?"

मग ते उठले, शर्टावरची धूळ झटकली आणि चार पावलं चालून गेले. दोघे भाऊ समोरासमोर.  दामूदादांनी चांगला हात उचलून शेजारच्या बाकावर ठेवला आणि वाकड्या झालेल्या तोंडाने, अडखळत, एवढंच म्हणाले, "बस... ना."